उद्याच्या कामांचा क्रम आज संध्याकाळी ठरवा

छोट्या व्यवसायात ज्याचा फोन आधी येतो त्याचे काम आधी होते आणि खरे निकडीचे काम मागे पडते. ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये छपाईचा गाळा चालवताना मला यावर एक साधा उपाय सापडला.

संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी उद्याची सर्व कामे जुन्या डिलिव्हरी चलानाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहावीत आणि ते काम एक दिवस लांबले तर किती रुपयांचे नुकसान होईल, तो आकडा प्रत्येकापुढे मांडावा. काळी शाई मागवायला पाच मिनिटे लागतात, पण ती संपून मशीन उभे राहिले तर कारागिराचा दिवस आणि ऑर्डर दोन्ही बुडतात, त्यामुळे हे किरकोळ वाटणारे काम थेट वर येते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र (जीएसटीआर-३बी) पुढच्या महिन्याच्या २० तारखेनंतर भरल्यास, कर देय असेल तर, रोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज लागते. १९ तारखेच्या कागदावर त्याचे स्थान आपोआप ठरते. सर्वांत मोठे आकडे असलेली दोन कामे सकाळी अकराच्या आत उरकावीत आणि तोवर फोन मदतनिसाकडे द्यावा.

एक काळजी मात्र घ्यावी. उधारीची वसुली एक दिवस लांबल्याने काही बुडत नाही, त्यामुळे तिच्यापुढे रोज शून्यच येते आणि ती कायम मागे राहते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लघुउत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे. वसुलीसाठी आठवड्यातील एक वार राखून ठेवावा.