कॅम्परचं छत गळतंय? वळवाआधी या चुका टाळा

ट्रॅव्हलर किंवा जुन्या मिनीबसची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, करून घेतलेल्यांचा एक ठरलेला समज असतो: आपल्याकडं पाऊस तो कितीसा, छत काय गळणार? घोटाळा इथूनच सुरू होतो. मराठवाड्यात छत खराब करतं ते ऊन, पाऊस फक्त ते उघडं पाडतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचा पत्रा साठ अंशांच्या वर जातो, हात ठेववत नाही. तोच पत्रा परभणीच्या थंडीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. ५ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ५० अंशांच्या फरकानं साधारण ३ मिलिमीटर लांबतो-आखडतो, ॲल्युमिनियमचा असेल तर ६ मिलिमीटर. ही ओढाताण प्रत्येक सांध्यातून, रिव्हेटच्या भोकातून आणि व्हेंटच्या, म्हणजे छतावरच्या हवेच्या झरोक्याच्या, कडेतून होते. वर जे काही लावाल ते या हालचालीबरोबर ताणलं गेलं पाहिजे. बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथंच.

डागाच्या बरोबर वर भोक शोधणं

सीलिंगवर चहा सांडल्यासारखं तपकिरी वर्तुळ दिसलं की माणूस शिडी लावतो आणि बरोबर त्याच्या डोक्यावर सीलंट फासतो. पाणी असं सरळ येत नाही. ते छताच्या आडव्या फासळीवरून, वायरिंगच्या पाइपावरून किंवा प्लायच्या पाठीवरून उताराकडं सरकतं आणि जिथं अडतं तिथं टपकतं. गाडी तोंड उताराला करून लावलेली असेल, तर मागच्या व्हेंटचं पाणी ड्रायव्हरच्या डोक्यावर यायला वेळ लागत नाही. गाडी रोज कशी उभी असते ते आधी बघा आणि डागापासून चढाच्या बाजूला शोध घ्या.

त्याहीआधी हे पाणी पावसाचंच आहे का, ते ठरवा. एसी चालू असतानाच टपकत असेल तर एसीची ड्रेन नळी तपासा. आपल्याकडच्या धुळीनं ती हमखास चोंदते. थंडीत सकाळी सगळ्या सीलिंगवर बारीक थेंब दिसत असतील, तर ती रात्रभरच्या श्वासांची आणि आत केलेल्या स्वयंपाकाची वाफ आहे. त्यावर किलोभर सीलंट लावलं तरी काही होणार नाही, झोपताना व्हेंट बोटभर उघडा ठेवला तर होईल. पावसानंतर, कधी तासाभरानं, दरवेळी त्याच जागी पाणी येत असेल तर ती गळती.

नळी धरून तपासायला दोन माणसं लागतात. सीलिंगची पट्टी काढून एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं. दुसऱ्यानं नोझल न लावता साधी धार सोडायची, सगळ्यात खालच्या सांध्यापासून सुरुवात करून प्रत्येक जागी ५ ते १० मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि चोर सापडत नाही. गाडी धुण्याचा प्रेशर पंप वापरू नका, तो धड सांध्यातूनही पाणी घुसवतो. गावात टँकर सुरू असताना छतावर नळी धरणं जिवावर येतं, ते ठीकच आहे. सांध्यावर जाड फडकं अंथरून त्यावर मग्यानं थोडं थोडं पाणी घालत राहिलं तरी काम होतं.

माळवदाची सवय गाडीला लावणं

माळवदावर दरसाल रोहिण्यांच्या आधी पांढरी माती टाकायची, ही आपल्या हाताला पडलेली सवय. मातीच्या छताला ते मानवतं, कारण चिकणमाती ओली होऊन फुगते आणि तडा बुजतो. पत्र्याला नाही. सुटलेल्या जुन्या सीलंटवर नवा थर दिला तर तो पत्र्याला चिकटतच नाही, सुटलेल्या पापुद्र्याला चिकटतो. कडेला नख घाला. कड उचलली गेली तर पूर्ण रेघ काढायची, अर्धवट नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, उरलेलं पॉलिश पेपरनं घासा आणि पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत राहा. फडकं पांढरं निघेल तेव्हा पुसणं संपलं.

जुनं सिलिकॉन असेल तर आणखी कष्ट. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि जस्ताच्या पत्र्याला खातं. शिवाय त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर जरी उरला तरी त्यावर दुसरं सीलंट धरत नाही. डेंटिंगवाला भरतो ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणि दोन गोळे मळून लावायचा इपॉक्सी दगडासारखा कडक होतो, त्यामुळं पहिल्याच उन्हाळ्यात कडेनं केसासारखी भेग पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. डांबर तर मे महिन्यात ओघळून खिडकीच्या काचेवर येतं आणि नंतर त्या जागी कुठलंच चांगलं सीलंट लागत नाही. स्लॅबसाठीच्या वॉटरप्रूफिंग रंगानं पत्रा पांढरा होऊन आतला उकाडा कमी होतो, एवढं खरं, पण उघड्या सांध्यावर तो पूल बांधू शकत नाही. आधी सांधा, मग रंग.

सांध्याला लागतं गाडीच्या बॉडीसाठीचं पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू सीलंट. व्हेंट किंवा एसीच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, दाबायची आणि बाहेरच्या कडेनं पीयूची रेघ मारायची. ब्युटाइल उघड्या उन्हात ठेवायचं नसतं. रेघ ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच जाड धरली, तर ३०० मिलीची नळी साधारण ८ मीटरला पुरते. बोटानं पसरवून कागदासारखी पातळ कड करू नका, उचलायची सुरुवात तिथूनच होते.

वेळ इथं फार महत्त्वाची. दुपारी तापलेल्या पत्र्यावर सीलंट लावलं की आत बुडबुडे येतात आणि वरची साय लगेच धरते. सकाळी आठच्या आत काम उरका. दुसरी गंमत अशी की पीयू उन्हानं वाळत नाही, हवेतल्या दमटपणानं पक्कं होतं. पाकिटावर दिवसाला ३ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी ते दमट हवेचं माप आहे. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत आठवडाभर गाडी हलवू नका. वरून कडक लागलं म्हणून आतून पक्कं झालं असं नाही.

ओल कोंडून वरून छान करणं

सगळ्यात महाग चूक ही. वरची फट बुजली, आत नवी सनमायका लागली, आणि मधे उष्णता अडवायला भरलेला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भिजलेला तसाच राहिला. तो पाणी धरून ठेवतो, पत्रा आतून गंजतो आणि दिवाळीपर्यंत गाडीत कुबट वास सुटतो. भिजलेला ग्लासवूल वाळवत बसायचा नसतो, टाकून द्यायचा. थर्मोकोलचे तक्ते पुसून पुन्हा वापरता येतात, पण त्यामागं साचलेलं पाणी बघायला ते काढावे लागतातच.

सडलेलं कुठवर गेलंय ते डोळ्यांना कळत नाही. टेस्टरचं टोक घेऊन लाकडात आणि प्लायमध्ये दर चार बोटांवर दाबत जा. चांगल्या लाकडात टोक अडतं, सडलेल्यात साबणात घुसल्यासारखं आत जातं. जिथं ते अडायला लागतं त्याच्याही पुढं १०-१५ सेंटिमीटरपर्यंत कापा. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी दोन हात मारा. ब्लीचिंगनं डाग जातो, लाकडाच्या आतली बुरशी नाही.

मग वाळवणं. उन्हाळ्यात छत आतून उघडं ठेवून पंखा लावला तर चार-पाच दिवस पुरे, पावसाळ्यात दोन आठवडेही कमी पडतात. वाळलं का ते बघायला हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं लाकडावर रात्रभर चिकटवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबा. ओल मोजायचं यंत्र असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली यायला हवा. लागलेला आकडा आणि तारीख पत्र्यावर मार्करनं लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

गंजावर सरळ रेड ऑक्साइड मारायची घाई नको. ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून खपली काढा, चमकता पत्रा दिसला की इपॉक्सी प्रायमर द्या. साध्या ऑइल पेंटवर पीयू लावलं तर पीयू रंगाला धरून राहतं आणि रंगच पत्र्यापासून सुटतो. जस्ताच्या पत्र्यावर ऑइल पेंटचे पोपडे तर ठरलेलेच. भोक मोठं असेल तर त्याच धातूचा ठिगळ घ्या, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त, कोपरे गोल. लोखंडी छताला ॲल्युमिनियमचा ठिगळ जोडला की ओल मिळताच त्या जोडावर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वेल्डिंग करणार असाल तर आजूबाजूचं इन्सुलेशन आणि बॅटरीची वायर आधी काढा.

प्लाय निवडताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला म्हणून घेऊ नका. साधा एमआर प्लाय थोडी दमट हवा सोसतो, पाणी नाही. आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लाय मागा. त्याच्याही कापलेल्या कडांना बसवायच्या आधी इपॉक्सी प्रायमर लावा, प्लाय पाणी पितो तो कडेनंच.

एफआरपीचं, म्हणजे फायबरग्लासचं, छत असेल तर

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढं पळत नाही. ८० नंबरच्या पेपरनं तळहाताएवढी रुंदी घासा, ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, रेझिनमध्ये भिजवून दोन-तीन थर द्या. एका चौरस मीटरच्या एका थराला साधारण १ किलो रेझिन जातं. हार्डनर किलोला १० ते २० मिली, पण उन्हाळ्यात १० मिलीवरच थांबा आणि एका वेळी पाव किलोच कालवा, नाहीतर डब्यातच जेली होते. रेझिनबरोबर जांभळा कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारा द्रव, वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो.

सोलर आणि कॅरिअरची भोकं

साध्या पॉप रिव्हेटच्या मधली खिळी तुटली की तिथं आरपार बारीक भोक राहतं. छतावर तोंड बंद असलेलेच रिव्हेट वापरा, किंवा प्रत्येकाच्या डोक्यावर सीलंटची टिकली द्या. बोल्टच्या रबरी वॉशरला पिळून चेचू नका. रबर कडेनं किंचित फुगलं की पाना थांबवायचा. सोलरची वायर आत घ्यायला ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारी बूच, लावा आणि त्याआधी वायरला खाली वळण द्या, म्हणजे तिच्यावरून येणारं पाणी वळणावरूनच गळून पडेल. छतावर चढायचंच असेल तर दोन फासळ्यांवर आडवी फळी टाका. मधल्या पत्र्यावर पाय पडला की खळगा होतो, त्यात पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी रोज एकेका रिव्हेटची परीक्षा घेतं.

सगळं झाल्यावर सीलिंगची डागाजवळची एक पट्टी बीडिंगशिवाय, नुसत्या स्क्रूवर ठेवा. मृगाचे पहिले दोन दणकून पाऊस झाले की ती काढून आत कोरडं बोट फिरवा आणि मगच बीडिंग मारा.