कीटोग्नाथाच्या पोटावर भरवसा ठेवण्याआधी

खान्देशातून झूऑलॉजी करून समुद्री प्लवकांकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान जीवांकडे वळणाऱ्यांनो, समुद्र पाहिला नाही म्हणून लाजू नका. हतनूर धरणाच्या पाण्यात कीटोग्नाथ, म्हणजे बाणासारखी शिकारी अळी, सापडणार नाही, तो फक्त समुद्रातला. पण त्याचं मुख्य भक्ष्य कोपेपॉड, म्हणजे कवचधारी बारीक जीव, आणि ते गोड्या पाण्यातही असतात. कीटोग्नाथाच्या पोटात त्यांचा मऊ भाग पचून जातो, जबडे उरतात, आणि त्यांवरूनच त्याने काय खाल्लं ते ओळखायचं. सायक्लॉप्सचे (गोड्या पाण्यातल्या कोपेपॉडचे) जबडे ज्याने स्लाइडवर मांडलेत, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. घरी मात्र ‘समुद्रनं शिकीसन आठे काय करशी?’ हे ऐकावं लागतं. माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.

आता खरा खड्डा. कीटोग्नाथाचं शरीर पारदर्शक, गिळलेलं बाहेरून दिसतं, म्हणून पोटातलं भक्ष्य मोजायचं काम सोपं वाटतं. पण जाळं वर येताना टोकाच्या डब्यात शिकारी आणि कोपेपॉड एकत्र कोंबले जातात. कीटोग्नाथ पाण्यातल्या कंपनावर झडप घालतो, आणि डब्यात तर कंपनच कंपन! नमुना टिकवणारं फॉर्मेलिन पडेपर्यंत तो खाऊ शकतो. खाण्याचा रोजचा दर काढताना आपण दर प्राण्यामागचं सरासरी भक्ष्य २४ ने गुणून पचनाच्या तासांनी भागतो. समजा, १०० प्राण्यांच्या पोटांत मिळून १० भक्ष्यं दिसली आणि त्यांतली ५ डब्यात गिळलेली, तर दर थेट दुप्पट. म्हणून तोंडाजवळचं ताजं भक्ष्य वेगळं मोजा, हिशेबात धरू नका. जाळं थोडाच वेळ ओढा. फॉर्मेलिन लगेच, चहा नंतर. उलटही होतं: पकडताना काही जण गिळलेलं ओकतात, म्हणजे रिकामं पोट उपाशीच असेल असं नाही. तसंही बहुतेक पोटं रिकामीच निघतात. शून्यांनी पानं भरली तर घाबरू नका.

वितरणाचं, म्हणजे कोणती जात कुठे आणि किती खोलवर सापडते त्याचं, थोडक्यात: दिवसाचे आणि रात्रीचे नमुने एका तक्त्यात घालू नका. बऱ्याच जाती रात्री वर येतात. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरखाली ऑक्सिजन फारच कमी होतो, तो मोजल्याशिवाय खोलीचे आलेख काढणं व्यर्थ.

जाती स्वतः न ओळखता सीनियरची जातींची यादी उतरवून घेणं मला अजिबात पटत नाही. ‘बारकोडिंग करू’, म्हणजे डीएनएवरून जात ओळखू, म्हणणाऱ्यांना विचारा, नमुना अल्कोहोलमध्ये ठेवलाय का? फॉर्मेलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही. गाइडचे पेपर मोजू नका, तो अजून स्वतः मायक्रोस्कोपवर बसतो का ते बघा.

गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि तिचं कोचीचं केंद्र, दोन्हींसाठी भुसावळहून मंगला एक्सप्रेस आहे. इंटर्नशिपचा अर्ज टाकायच्या आधी धरणाच्या पाण्यातले कोपेपॉड फाडायचा हात बसवून घ्या.