एसएसडी काढली आणि उबुंटू चालूच होईना

लॅपटॉपमध्ये एसएसडीवर विंडोज, दुसऱ्या हार्ड डिस्कवर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. पावसाळ्यात मालवणला घरी आल्यावर मोठी एसएसडी बसवायला जुनी काढली. उबुंटू वेगळ्या डिस्कवर आहे, ते चालेलच असं धरून होतो. स्क्रीनवर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, वर लाइटची ये-जा. आई म्हणाली, "आधी जेवान घे, मगे काय ता कर."

जेवून पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारं) उबुंटू लावलं, तेव्हा उलगडा झाला. उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम, ग्रब, जुन्या एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (लॅपटॉप चालू होताना असे प्रोग्राम जिथे शोधतो त्या भागात) होता, म्हणजे दारच काढून ठेवलेलं! आधी डेटाचा बॅकअप घेतला. मग हार्ड डिस्कवर जागा काढून ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन केलं, ते ईएफआय पार्टिशन असल्याची खूण, म्हणजे ईएसपीचा फ्लॅग लावला आणि सीएचरूट करून (लाइव्हमधूनच डिस्कवरच्या उबुंटूत शिरून) ग्रब तिथे बसवला.

तरी दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडच (फक्त दुरुस्तीपुरती काळी स्क्रीन) आला. सुरू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची त्या यादीत, एफस्टॅबमध्ये, बूट-ईएफआयच्या ओळीत जुन्या पार्टिशनचाच ओळख क्रमांक (यूयूआयडी) होता. तो बदलला आणि लॉगिनची खिडकी दिसली, इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवली.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना मात्र हार्ड डिस्क सोडवून बाजूला ठेवली, म्हणजे एकाचं दार पुन्हा दुसऱ्याच्या डिस्कवर नको.