‘ती छान गाते’ हे इंग्रजीत कसं म्हणावं?

‘ती छान गाते’ याचं इंग्रजी करायला दिलं की हमखास ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’ असं उत्तर येतं. मुलांना मी याबद्दल कधी रागावत नाही, कारण ही सवय मराठीची आहे. ‘छान मुलगी’ आणि ‘छान गाते’, दोन्हीकडे आपला शब्द एकच. ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला गातो’ यात तर ‘चांगला’ गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, पण वर्णन मात्र गाण्याचं करतो. इंग्रजीत माणसाचं वर्णन वेगळ्या शब्दाने होतं आणि त्याच्या करण्याचं वेगळ्या.

म्हणून आधी प्रश्न विचारा. ‘कशी आहे?’ याचं उत्तर असेल तर विशेषण: ‘शी इज ब्यूटिफुल’. ‘कशी गाते?’ याचं उत्तर असेल तर रीतिवाचक क्रियाविशेषण: ‘शी सिंग्ज ब्यूटिफुली’.

मग रूप बनवा. बहुतेक विशेषणांना शेवटी एल-वाय लावलं की काम होतं: ‘स्लो’चं ‘स्लोली’. ‘केअरफुल’च्या शेवटी एक एल असतोच, त्यामुळे ‘केअरफुली’त दोन एल येतात, एक गाळू नका. ‘हॅपी’सारख्या शब्दातला वाय जाऊन आय येतो, ‘जेंटल’ आणि ‘ट्रू’मधला शेवटचा ई गळतो. शेवटी आय-सी असेल तर ए-एल-एल-वाय लागतं: ‘बेसिकली’. त्यातला ए बोलताना ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना राहून जातो. अपवाद ‘पब्लिकली’, त्यात ए-एल नाही.

काही शब्द हा नियम पाळत नाहीत. ‘गुड’चं ‘वेल’ होतं. ‘फास्ट’ दोन्हीकडे ‘फास्ट’च राहतो, ‘फास्टली’ असा शब्द नाही. आणि ‘हार्ड’पाशी खरोखर जपा. मुलाखतीत ‘मी खूप मेहनत घेतो’ म्हणायचं असतं, आणि एल-वायच्या सवयीने उमेदवार ‘हार्डली’ म्हणून बसतो. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही! तसंच ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उलट ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ यांच्या शेवटी एल-वाय असूनही ती विशेषणंच आहेत. ‘तो मैत्रीने बोलला’ म्हणायचं तर ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ म्हणा.

आता जागा. ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’ यात आपलं क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटून येतं. तीच घडण घेऊन आपण ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ म्हणतो आणि चुकतो. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा काही घुसवत नाहीत: ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’. कर्म लांबलचक असेल तर क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी घ्या: ‘ही केअरफुली रेड द लेटर फ्रॉम द बँक’.

शेवटची अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण नियम पाठ झालेली मुलंच इथे अडकतात. ‘आंबा गोड लागतो’ हे ती ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ असं लिहितात. ‘कसा लागतो?’ असा प्रश्न पडतो ना, मग एल-वाय हवंच, असं त्यांना वाटतं. पण इथे आंबा काही करत नाही, तो गोड आहे. ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘लुक’, ‘साउंड’, ‘फील’ या क्रियापदांच्या जागी ‘आहे’ घालून पाहा. अर्थ टिकला तर विशेषणच ठेवा: ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसत होता. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. इथे पाहण्याची क्रिया खरोखर घडली, ‘आहे’ बसत नाही, म्हणून एल-वाय आलं.