उंडीचं झाड बियांपासून कसं वाढवावं, आणि तेल कसं काढावं

समुद्रालगतच्या परड्यात खारा वारा अडवायचा म्हटलं की बरेचजण सुरू लावतात. माझ्या मते तिथे उंडीच हवी. बारमाही हिरवी, दाट सावलीची, खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी. लाकूड होडी बांधायला चालतं, बियांतून तेल मिळतं. वाढते मात्र सावकाश, म्हणून लावायची तर यंदाच लावा.

झाडाखाली पडलेली पिवळट-तपकिरी फळं वेचा; हिरवी तोडू नका. वाघळांनी वरचा गर खाऊन टाकलेल्या बियाही चांगल्या.

खरं काम कवचाचं. कवचासकट पेरलेल्या बीला उगवायला सरासरी ५७ दिवस लागतात, कवच तडकवलं तर ३८ आणि पूर्ण काढलं तर २२. बी दगडावर ठेवून हातोडीने हलके टोले द्या. आतला गर ठेचला गेला तर बी मातीत कुजते, म्हणून हात सैल ठेवा. कवच सबंध निघेना, तर नुसता तडा गेला तरी पुरे.

पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरा. बी जेमतेम झाकेल एवढीच खोल पेरा. पिशव्या अर्ध्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या, पण पाणी तुंबू देऊ नका.

रोप फूटभर झालं की मृगाचा पाऊस नीट लागल्यावर दीड फुटाच्या खड्ड्यात लावा. उंडी आडवी फार पसरते. घर आणि माडांपासून २५ फूट तरी लांब ठेवा. गुरांपासून राखण हवी आणि पहिले दोन उन्हाळे पाणी.

तेलासाठी घाई नको. ताजा गर पांढरा असतो, त्यातून तेल जवळपास निघतच नाही. बिया फोडून गर खळ्यात महिना-दोन महिने उन्हात वाळवा. तो तपकिरी आणि चिकट झाला की घाण्यावर न्या. नीट वाळलेल्या गरात निम्म्याहून अधिक तेल असतं. ते हिरवट, दाट आणि उग्र वासाचं. दिव्याला, होडीच्या फळ्यांना आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायला ते पूर्वापार वापरलं जातं. हे तेल विषारी आहे, पोटात जाता कामा नये. बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका.