परदेशी नोटा खिशात घालण्यापूर्वी

घरात मागच्या प्रवासातून उरलेल्या परदेशी नोटा असतील, तर तयारीची सुरुवात त्यांच्यापासून करावी. त्या देशवार वेगळ्या कराव्यात, प्रत्येक नोट कोणत्या मालिकेतील, म्हणजे कोणत्या काळच्या रचनेची, आहे हे पाहावे आणि ती मालिका अजून चालू आहे की नाही, हे संबंधित देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर तपासावे. विनिमय केंद्रातील कर्मचाऱ्याचे किंवा ओळखीच्या प्रवाशाचे मत येथे पुरेसे नसते. ब्रिटनमध्ये वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर वैध चलन राहिल्या नाहीत; त्याआधी पाचची कागदी नोट २०१७ मध्ये आणि दहाची २०१८ मध्ये बाद झाली होती. आज तेथे प्लास्टिकच्या म्हणजे पॉलिमर नोटा चालतात. स्वित्झर्लंडने आपली आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ रोजी परत बोलावली. अशा नोटा दुकानदार नाकारतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

बाद नोट म्हणजे मात्र बुडालेले पैसे नव्हेत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते. त्या टपालाने पाठवता येतात किंवा लंडनमध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवरील बँकेच्या खिडकीवर नेता येतात. स्विस राष्ट्रीय बँकही १९७६ पासूनच्या मालिका कालमर्यादेविना स्वीकारते. युरोपूर्वीचे जर्मन मार्क आजही जर्मनीची मध्यवर्ती बँक युरोमध्ये बदलून देते, पण शेजारच्या फ्रान्समध्ये फ्रँकच्या नोटांची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली आणि इटलीत लिराची त्याच्याही आधी, डिसेंबर २०११ मध्ये. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी युरो स्वीकारला. तेथील कुना या जुन्या चलनाच्या नोटा मध्यवर्ती बँक पुढेही बदलते, नाण्यांना मात्र २०२५ अखेरपर्यंतच मुदत होती. म्हणून नोट कोठे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या ओळखपत्रावर बदलून मिळते, या तीन गोष्टी निघण्यापूर्वी लिहून घ्याव्यात आणि त्या शहरात कामकाजाच्या दिवशी काही तास मोकळे राहतील असा कार्यक्रम आखावा. रक्कम अगदी किरकोळ असेल, तर त्या फेऱ्यात न पडणेच बरे.

डॉलरबाबत अडचण वेगळी असते. अमेरिकी सरकारने १८६१ पासून काढलेले कागदी चलन दर्शनी मूल्याने आजही वैध आहे, पण हे वैधत्व अमेरिकेबाहेरच्या विनिमय केंद्रावर बंधनकारक नसते. अनेक देशांत जुन्या धाटणीच्या, दुमडलेल्या, शिक्का उमटलेल्या किंवा कडा फाटलेल्या नोटा सरळ परत केल्या जातात, किंवा त्यांना कमी दर दिला जातो. शंभर डॉलरच्या नोटा घ्यायच्या असतील, तर ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आलेल्या नव्या रचनेच्या, कोऱ्या आणि न दुमडलेल्या मागाव्यात, आणि काउंटर सोडण्यापूर्वीच एकेक नोट पाहून घ्यावी.

खरी नोट ओळखण्याचा सराव निघण्यापूर्वी, सावकाश आणि चांगल्या उजेडात करावा, कारण रांगेत उभे असताना आठवत काहीच नाही. जी चलने आपण वापरणार आहोत, त्यांची प्रत्येकी दोन-तीन लक्षणे पाठ असली की पुरते. शंभर डॉलरच्या नोटेत कागदात विणलेली निळी पट्टी असते आणि उजेडासमोर धरल्यास बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा जलचिन्हात दिसतो. युरोच्या दुसऱ्या मालिकेत नोट तिरकी केल्यावर डाव्या कोपऱ्यातील आकडा हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत बदलतो. वीस पौंडांच्या नोटेवरील चकचकीत चित्रात ‘ट्वेंटी’ आणि ‘पाउंड्स’ हे शब्द आलटून पालटून दिसतात. नोटेवर रेघ ओढून ती पारखणाऱ्या तपासणीच्या पेनवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. त्यातील आयोडीन साध्या कागदातील स्टार्चशी संयोग पावते, त्यामुळे त्याला कळतो तो फक्त कागद. पाच डॉलरच्या खऱ्या नोटेवरील शाई धुऊन तिच्यावर शंभरची छपाई केली, तर कागद खराच असल्याने पेन ती नोट बिनदिक्कत खरी ठरवतो. अशी नोट उजेडासमोर धरली की जलचिन्ह आणि सुरक्षा धागा तिचे पितळ उघडे पाडतात, कारण दोन्ही पाचाचेच असतात. पॉलिमर नोटेवर तर या पेनाचा उपयोगच नाही.

अनोळखी दिसणारी नोट बनावट असतेच असेही नाही. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका पौंडाच्या स्वतःच्या नोटा काढतात, हाँगकाँगमध्येही तीन बँका नोटा छापतात, आणि एकाच रकमेच्या या नोटा एकमेकींसारख्या दिसत नाहीत. ब्रिटनबाहेर स्कॉटिश नोटा बदलणे मात्र त्रासाचे होते, म्हणून त्या तेथेच संपवाव्यात.

पैसे बँकेतून, बँकेच्या इमारतीतील एटीएममधून किंवा परवानाधारक विनिमय केंद्रातून घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. रस्त्यावर ‘चांगला दर’ देऊ करणाऱ्याकडे बाद नोटा किंवा दुसऱ्याच देशाच्या स्वस्त नोटा हातात पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. टॅक्सीवाल्याला किंवा विक्रेत्याला मोठी नोट देताना रक्कम मोठ्याने सांगावी, म्हणजे ‘ही नोट खोटी आहे’ असे म्हणत बदललेली नोट परत करण्याची युक्ती अवघड होते. याच कारणासाठी मोठ्या नोटांच्या क्रमांकांचे छायाचित्र काढून ठेवणे मला योग्य वाटते.

इतके करूनही हाती बनावट नोट आलीच, तर ती पुढे खपवण्याचा विचार करू नये. नोट खोटी आहे हे कळल्यानंतर ती चालवणे हा गुन्हा ठरतो, मग ती आपल्याला कोणीही दिलेली असो. नोट कमीत कमी हाताळून पाकिटात ठेवावी, ती कोठे, केव्हा आणि कोणाकडून मिळाली हे लगेच लिहावे आणि ती पोलिसांकडे किंवा बँकेत द्यावी. युरो वापरणाऱ्या देशांत संशयित नोट काढून घेणे बँकांना बंधनकारक आहे, तेव्हा वाद न घालता पोच मागावी. नोट खोटी निघाल्यास भरपाई मिळत नाही. तपासाअंती खरी ठरली तर पैसे मिळवण्यासाठी तीच पोच लागते.

परतीपूर्वी पाकीट पुन्हा एकदा तपासावे. ज्या नोटांच्या माघारीची तारीख जाहीर झाली आहे, त्या त्याच देशात खर्चाव्यात किंवा बँकेत बदलून घ्याव्यात, आणि नाणी बहुतेक विनिमय केंद्रे घेतच नसल्याने ती शेवटच्या दिवशीच्या किरकोळ खर्चासाठी वेगळी काढून ठेवावीत.