एफएमजीई देताय? मी केलेल्या या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या डावीउजवीकडे सगळे एमपीएससीवाले. रशियात सहा वर्षं काढून आलेला 'डॉक्टर' मी एकटाच. परदेशातून डॉक्टरकी शिकून आलेल्याला भारतात प्रॅक्टिस करायची तर एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते; मी तिची तयारी करत होतो. आशा सेविका किती लोकसंख्येमागे एक, हे शेजारचा मुलगा वहीतून मान वर न करता सांगायचा: हजार. मला आठवायला लागायचं. माझं कुठे चुकतंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

परीक्षा तशी सरळ आहे. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही, रँकची भानगड नाही. तरीही बऱ्याच सत्रांत पाचांतला जेमतेम एक पार होतो. मी तिसऱ्या खेपेला झालो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मेडिसिन-सर्जरीतच अडकून पडणं. मेडिसिनला ३३ गुण, तर पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि रोगप्रतिबंधाच्या विषयाला, ३०. नेत्र आणि कान-नाक-घसा मिळून आणखी ३०. मी मेडिसिनला तीन महिने दिले आणि पीएसएमला शेवटचे नऊ दिवस! वर पीएसएम हा विषय आपण तिकडे शिकलेलोच नसतो. लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सगळं इथलं. तिथल्या प्राध्यापकांना त्याच्याशी काय देणंघेणं?

क्लिनिकल प्रश्नही इथल्याच मातीतले असतात. टेस्ट सिरीजमधला एक सांगतो. शेतकरी रात्री जमिनीवर झोपला, पहाटे पोटात कळा, पापण्या उघडेनात, अंगावर चावल्याची खूण नाही. मी न्यूरोलॉजीची सगळी यादी मनात फिरवली आणि चुकीच्या पर्यायावर टिक केली. घरी आजीला गोष्ट सांगितली तर म्हणाली, "अरे, मण्यार असंल." मण्यारच होती. त्या दिवसापासून नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष कशावर जातं ते तोंडपाठ केलं.

जुन्या नोट्सचं तेच. अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड पुस्तकं जरूर घ्या, पण फॉरेन्सिकचं नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये शोधाल तर फसाल, ती आता १०३ मध्ये आहे.

कागदपत्रांत लोक अभ्यासापेक्षा जास्त रडतात. आपल्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, आणि डिप्लोमावर, म्हणजे तिकडच्या पदवीच्या कागदावर, रशियन लिपीतून फिरून आलेलं. माझ्या रूममेटच्या 'महेश जाधव'चं भाषांतरात 'माखेश द्झाडखाव' झालं होतं. पुण्यात बसून ते निस्तरताना त्याचं एक सत्र गेलं. डिप्लोमा हातात घेण्याआधीच डीन ऑफिसात पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करूनच विमानात बसा.

जे आता निघणार आहेत त्यांच्यासाठी: नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला कोर्स, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात प्रॅक्टिस करता येईल अशी नोंदणी, हे सगळं लागतं. एजंट यातलं दुसरं-तिसरं हमखास गाळतो. लेखी घ्या.

आणि परीक्षेच्या दिवशी? दुसऱ्या प्रयत्नात खात्री नाही म्हणून मी ११ प्रश्न कोरे सोडले. निगेटिव्ह मार्किंगवाल्या परीक्षांची सवय, दुसरं काय. डोळे मिटून सगळीकडे 'ब' ठोकला असता तरी चारांत एक या हिशेबाने दोन-तीन पदरात पडले असते. त्या वेळी मला १४८ होते.